रोजच्या कोणत्या साध्या निर्णयाने आयुष्य तुमच्या हातात आलं?

निशिगंध_नाशिक
नोकरी सोडणं, घर घेणं, परदेशी जाणं, घटस्फोट या मोठ्या निर्णयांवर इथे भरपूर धागे आहेत. मला त्याबद्दल नाही विचारायचं. मला रोजच्या, कोणाच्या डोळ्यात न येणाऱ्या निर्णयांबद्दल विचारायचं आहे.

मी एका खाजगी शाळेत शिकवते. पगार माझ्या खात्यात जमा होतो, पण त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर ह्यांचा आहे. लग्नानंतर खातं उघडलं तेव्हा फॉर्म ह्यांनी भरला, मी फुल्या मारलेल्या जागी सह्या केल्या. कार्ड ह्यांच्या पाकिटात असतं. आयकर विवरणपत्र तेच भरतात. माणूस चांगला आहे, काटकसरी आहे, एक रुपया कुठे उडवत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे चर्चा ‘नवरा वाईट आहे का’ या वळणावर जाणार नाही.

झालं असं, की शाळेतल्या मावशींच्या मुलीच्या कॉलेज फीसाठी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली. मी तिथल्या तिथे पैसे पाठवायला घेतले, तर ओटीपी ह्यांच्या फोनवर. ते मीटिंगमध्ये होते. बाकीच्यांनी पाठवून झाले, मी ‘उद्या देते’ म्हणाले. संध्याकाळी घरी कोणाला, कशाला, किती हे सांगितलं. ते लगेच ‘अगं पाठव की’ म्हणाले. पण माझ्या पगारातून द्यायच्या पैशांना कोणीतरी ‘पाठव’ म्हणायची वेळ का यावी, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

माझं मत आता असं झालंय, की जिथे सही माझी चालते तिथली माहिती आणि चावी दोन्ही माझ्याकडे हवी. तुम्ही असा कोणता साधा निर्णय स्वतःकडे घेतलात? घरी काय झालं? पुरुषांनीही लिहा, हा फक्त बायकांचा विषय आहे असं मला वाटत नाही.

शेंगदाणालाडू
नंबर उद्याच बदला. बाकी सविस्तर रात्री लिहिते, कुकर लावलाय.

सह्याद्रीवेडा
थोडं वेगळं मत मांडतो. आमच्याकडे वीज, गॅस, विमा, मुलांची फी, सोसायटीचा मेंटेनन्स सगळं मी बघतो. बायकोला त्याचा मनापासून कंटाळा आहे. ती घरातली खरेदी, पाहुणेरावळे, मुलांचा अभ्यास बघते. ही कामाची वाटणी आहे. उद्या मी म्हणालो की डाळीच्या डब्यात किती डाळ आहे याची माहिती आणि चावी मलाही हवी, तर कसं वाटेल? प्रत्येक ठिकाणी तुझं-माझं काढलं तर घराचं ऑफिस होतं. संसार विश्वासावर चालतो.

मृणालिनी७
@सह्याद्रीवेडा, डाळीचा डबा उघडायला ओटीपी लागत नाही हो. तुम्ही कधीही उघडून बघू शकता. फरक तिथेच आहे.

उनाडवारा
डबा उघडताना आई बघत असेल तर ओटीपीपेक्षा कडक चौकशी होते 😄

गंमत सोडा. आमच्या आईने यूपीआय शिकून घेतलं, हा आमच्या घरातला मोठा बदल. आधी ती बाबांकडून आठवड्याचे पैसे घ्यायची आणि उरलेले डब्यात टाकायची. आता मंडईत स्वतः स्कॅन करते आणि भाजीवाल्याचा तो छोटा स्पीकर रक्कम बोलून दाखवत नाही तोवर जागची हलत नाही. बाबा म्हणतात, ‘तुझी आई स्पीकरची परीक्षा घेते.’ पण महिन्याच्या शेवटी खर्च कुठे झाला हे आता तिला बाबांपेक्षा जास्त नीट सांगता येतं.

पासबुक
राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. विश्वासाचा मुद्दा मला समजतो, पण काउंटरच्या आतल्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

नवरा अचानक गेलेला असतो. बाई मुलाला घेऊन शाखेत येतात. हातात कापडी पिशवी. त्यात जुनं पंचांग, पंचांगाच्या पानांत घडी करून ठेवलेल्या ठेवपावत्या, काही मुदत संपून गेलेल्या, काही दुसऱ्याच बँकेच्या. ‘अजून काही आहे का?’ विचारलं की त्या मुलाकडे बघतात, मुलगा त्यांच्याकडे बघतो. त्या नवरा-बायकोत अविश्वास नव्हता. चांगला संसार होता. पण सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात होती आणि तो माणूस गेला.

आता कामाचं:

खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलायला बहुतेक वेळा स्वतः शाखेत जावं लागतं. पासबुक, आधार, पॅन न्या, फॉर्म भरा, सही जुळली की होतं. आधारला जोडलेला नंबर वेगळा, तो आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन बदलतो. त्याला कागदपत्रं लागत नाहीत, थोडी फी असते. आधारचा नंबर आधी बदलून घ्या, कारण पुढे बऱ्याच ठिकाणी त्यावरच ओटीपी येतो.

नामनिर्देशन. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देते, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं आहे. म्हणून ‘नाव घातलंय, झालं’ असं समजून बसू नका.

आणि शेवटचं. प्रत्येक बँक रोज मेसेज पाठवते, ओटीपी कोणालाही सांगू नका. निशिगंधताईंच्या खात्याचा ओटीपी रोज दुसऱ्याकडेच जातोय. बँकेचा नियम घरातल्या माणसाला सूट देत नाही. उद्या त्या फोनवरून काही फसवणूक झाली, तर खातं ताईंचं आणि फोन दुसऱ्याचा, हे समजावून सांगताना नाकी नऊ येतात.

सह्याद्रीवेडा
@पासबुक, नामनिर्देशनाचं पटलं. सगळ्या खात्यांची यादी करून ठेवतो. पण यादी करणं वेगळं आणि प्रत्येकाने आपापलं बघणं वेगळं. मी माझ्या मतावर आहे.

भीमाकाठ
पासबुकदादांनी पिशवीचं लिहिलं, ते वाचून थांबले थोडा वेळ. माझी पण पिशवीच होती.

मालक गेले तेव्हा आमचा ऊस तुटायला आला होता. दीर म्हणाले, वहिनी तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघतो. वाईट मनाने नाही म्हणाले. पण मी पहिल्या खेपेला स्वतः ट्रॅक्टरवर बसून वजनकाट्यावर गेले. चुलत सासऱ्यांनी नावं ठेवली, बाईमाणूस काट्यावर काय करतंय म्हणून. वजन झाल्यावर पावती माझ्या हातात घेतली. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ टन, गट नंबर. घरी येऊन वहीत लिहिलं. प्रत्येक खेपेला तेच. हंगाम संपल्यावर कारखान्याच्या कारकुनाने सांगितलेलं टनेज आणि माझ्या वहीतलं जुळेना. मी पावत्या मांडल्या त्याच्या टेबलावर. त्याने परत बेरीज केली, माझीच बरोबर निघाली.

ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचा कायदा आहे, हे मला त्याच काळात कळलं. मालकांना माहीत असणार. आम्ही कधी त्यावर बोललोच नव्हतो.

ताई, तुम्ही विचारलं साधा निर्णय कुठला. माझा हाच. पावती दुसऱ्याच्या खिशात जाऊ द्यायची नाही.

शेंगदाणालाडू
भीमाकाठ, तुम्हाला नमस्कार. मी लिहिणार होते ते आता फारच किरकोळ वाटतंय, तरी लिहिते. मी दुपारी जेवायला बसते. म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्याने नाही, तर भूक लागते तेव्हा, ताट वाढून घेऊन, टेबलावर. सासूबाई आधी आश्चर्याने बघायच्या. आता त्या पण माझ्याबरोबर बसतात. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, आणि गरम पोळी आयुष्यात पहिल्यांदा रोज खातात.

मृणालिनी७
हे अजिबात किरकोळ नाही. +१००

अबोलीफूल
निशिगंधने पुरुषांनाही बोलावलंय म्हणून वडिलांचं लिहिते. निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. रोज सकाळी आई चहाबरोबर बशीत गोळ्या काढून ठेवणार, ते घेणार. आजीच्या ऑपरेशनसाठी आई लातूरला गेली तेव्हा बाबांनी मला फोन केला, ‘पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर?’ पांढऱ्या तीन होत्या.

मी व्हिडिओ कॉलवर पट्ट्या बघून सांगितलं. त्यानंतर मी त्यांच्याकडे हट्टच धरला. आता त्यांनी स्वतः प्रत्येक गोळीचं नाव, कशासाठी, कधी हे सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. डॉक्टरांकडे स्वतः बोलतात. आधी डॉक्टर बाबांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर आई द्यायची. साखरेच्या आकड्यांची वही ठेवतात आणि आंब्याच्या दिवसांत आकडा वाढला की आईच्या आधी त्यांनाच कळतं.

माझं म्हणणं, स्वतःचं शरीर दुसऱ्याच्या लक्षात ठेवायला देणं हाही तोच प्रश्न आहे. आपल्याकडच्या बऱ्याच पुरुषांनी तो भार आई आणि मग बायकोवर टाकलाय, त्याला आपण ‘प्रेमाने करते’ म्हणतो.

सह्याद्रीवेडा
अबोलीफूल, हे लागलं. रक्तगट सोडून मला माझं काही सांगता येणार नाही. बघतो.

गोंयकार_मनीस
आमच्या गोव्यातली गोष्ट सांगतो, कारण इथे ‘सही माझी’ हा मुद्दा आलाय. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून, १८६७ च्या नागरी संहितेपासून चालत आलेली पद्धत अशी, की लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकतीत नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा वाटा धरतात. घर किंवा भाट (बागायत) विकायचं तर दोघांची संमती हवी, विक्रीखतावर दोघांच्या सह्या लागतात. मुलांनाही, मुलगा असो वा मुलगी, आई-बाप पूर्ण बेदखल करू शकत नाहीत.

बाहेरचे लोक म्हणतात, वा, काय सुंदर कायदा. कायदा चांगलाच आहे. पण मी म्हापशाला सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात कामानिमित्त बऱ्याचदा बसलोय. बाईला गाडीत घालून आणतात, ‘हांगा सय कर’ म्हणतात, ती करते, परत गाडीत बसते. काय विकलं, कितीला विकलं, तिच्या अर्ध्याचं काय झालं, कोणी तिला सांगत नाही आणि ती विचारत नाही. कायद्याने तिला सही दिली, विचारायची सवय मात्र रोजच्या जगण्यातूनच यावी लागते. ज्या घरात बाजारातून आणलेल्या बांगड्यांचा (मासळीतल्या) भाव ती मोकळेपणी विचारते आणि स्वतःच्या बांगड्या कितीला घेतल्या हे सांगावं लागत नाही, तिथेच ती खतावरची रक्कमही विचारते.

(बांगडे, बांगड्या दोन्ही खरेदी आल्या, माफ करा, आमचा जीव मासळीत.)

मेपलपान
गोंयकार, अगदी पटलं.

माझा अनुभव अमेरिकेतला. लग्नानंतर एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो त्यावर, आले. तेव्हा मला कामाची परवानगी नव्हती, त्यामुळे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, तो नाही म्हणून माझ्या नावावर क्रेडिट कार्ड नाही. पुण्यात स्वतःच्या पायावर उभी असलेली मी इथे दूध आणायलाही नवऱ्याची वाट बघत होते, कारण चालत जाण्यासारखं दुकान नव्हतं. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाची परवानगी मिळू लागली, ती माझ्यापर्यंत यायला वेळ लागला.

त्या मधल्या काळात मला ज्याने वाचवलं ते गावातल्या लायब्ररीचं कार्ड. पत्त्याचा पुरावा एवढाच लागला. त्यावर माझं नाव. मग ड्रायव्हिंगची लेखी परीक्षा, मग लायसन्स. जुनी गाडी, हिवाळा, पण मंगळवारी सकाळी मी लायब्ररीत जाणार म्हणजे जाणारच, हे मी ठरवलं. नवऱ्याने त्या दिवशी बसने ऑफिसला जायचं, हे आम्ही भांडून ठरवलं. तिथे मराठी काय, हिंदी बोलणारंही कोणी नव्हतं. तिथल्या वाचन गटात मी तोडक्यामोडक्या उच्चारात बोलायला लागले आणि मला मी परत सापडले.

व्हिसा माझ्या हातात नव्हता. मंगळवार होता.

तूरडाळ
अकोल्याकडचा आहे, वऱ्हाडीत लिहितो, चालवून घ्या.

माही माय लोकायच्या वावरात निंदन-खुरपण करे. तिचं जनधनचं खातं होतं, पण पासबुक काकाच्या घरी पेटीत. कधी लागलंच नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे १५०० रुपये यायले लागले, ते बाईच्या स्वतःच्या आधार जोडलेल्या खात्यातच येतात. मग पासबुक शोधलं, आधार जोडलं, माय पहिल्यांदा एकटी बँकेत गेली. स्लिप भराले नातीले संगं नेलं. नात सातवीत. तिनं ‘रुपये अक्षरी’ लिहिलं, मायनं सही केली. अंगठा नाही, सही! ती कवा शिकली आमाले पत्ता नाही. मंग कळलं, नातीच्या जुन्या वहीत रोज रात्री गिरवे.

योजना कोणाची, मतं कोणाले, त्यावर इथं भांडू नका. मी फक्त सही सांगून राहिलो.

उनाडवारा
तूरडाळ भाऊ, यावर राजकारण काढणाऱ्याला मी स्वतः धाग्याबाहेर काढीन.

माहेरवाशीण_१
सहीवरून विषय निघालाच आहे तर विचारते. भाऊबीजेला माहेरी गेले की भाऊ हक्कसोडपत्राचा विषय काढतात. वडील गेले, आठ एकर आहे, आम्ही दोघी बहिणी. ‘तुला काय कमी आहे, सही करून टाक, पुढच्या पिढीत भांडण नको.’ मोठ्या बहिणीने केली. मी अजून नाही. जमीन मला हवीच आहे असंही नाही. पण सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती वाटते. इतर बायकांनी काय केलं?

दस्तऐवज
वकील आहे, जिल्हा न्यायालयात. सल्ला तुमची कागदपत्रं बघितल्याशिवाय देत नाही, पण सर्वसाधारण माहिती देते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना तो नव्हता. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट राहिली नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही.

हक्कसोडपत्र नोंदणीकृत असतं, एकदा झालं की मागे फिरणं फार कठीण. म्हणून सणाच्या गडबडीत, ओवाळणीच्या ताटाशेजारी सही करू नका. आधी सातबारा आणि फेरफार स्वतः काढा, ऑनलाइन मिळतो. त्यात कोणाची नावं लागलीत बघा. मग ठरवा. हक्क सोडायचा असेल तर तो पूर्ण माहिती घेऊन, तुमच्या इच्छेने सोडा, तोही तुमचाच निर्णय आहे. काही बहिणी पूर्ण सोडण्याऐवजी विहिरीजवळचा एखादा तुकडा किंवा घरातली एक खोली ठेवतात. त्यावरही भाऊ नाराज होतात, पण बहुतेक माहेरं टिकतात.

माहेरवाशीण_१
धन्यवाद ताई. सातबारा आज रात्रीच काढते. इतकी वर्षं कधी बघितलाच नव्हता.

जुनाजाणता
निशिगंध, तुम्ही नाशिकच्या म्हणून आठवलं. तुमच्या जिल्ह्यात चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, मित्रांबरोबर गेलो. बायकांची एवढी गर्दी मी जत्रेतही बघितली नव्हती. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. नवऱ्याने आपल्या हयातीत, राजीखुशीने थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. आमच्या शेजारच्या गावात काहींनी केली. आमच्या आईच्या नावावर एक एकर आली.

त्या एकराचं सांगतो. जमीन तीच, विहीर तीच, बैल तेच. पण ‘त्या एकरात यंदा काय पेरायचं’ हे आईला विचारलं जाऊ लागलं. तिने लसूण लावला. वडील म्हणाले, कोण घेणार एवढा लसूण. आईने तो लासलगावला स्वतः नेला. मोठा नफा झाला वगैरे काही नाही, त्या वर्षी भाव पडले होते. तरी पुढच्या वर्षी तिने पुन्हा लसूणच लावला. तो पडला तरी तिचा होता.

आजही नवरा स्वतः अर्ज करून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. तलाठ्याकडे चौकशी करा. फार थोडे जण करतात.

मृणालिनी७
काय धागा आहे हा. जपून ठेवतेय.

सह्याद्रीवेडा
नमस्कार, मी सह्याद्रीवेडाची बायको. हा धागा त्याने मला काल रात्री वाचायला दिला आणि म्हणाला, ‘तूच लिही.’ त्याच्याच आयडीने लिहितेय, वेगळा काढेन.

त्याने लिहिलंय की मला बिलांचा कंटाळा आहे. खरंय. मला अजूनही आहे, आणि ती कामं त्यानेच करावीत असं मला वाटतं. घराघरात कामाची वाटणी असतेच. माझा प्रश्न एवढाच आहे, की ही वाटणी आम्ही कधी ठरवली? मला आठवत नाही. त्यालाही आठवलं नाही. ती होत गेली. काल पहिल्यांदा आम्ही बसून ठरवली.

बसलो तेव्हा फायली काढल्या. त्याच्या लग्नाआधीच्या विम्यावर नॉमिनी सासूबाई आहेत, त्या जाऊन काही वर्षं झाली. पासबुककाका, तुमच्या पिशवीत आमचीही पावती निघाली असती.

आणि माझा रोजचा निर्णय विचाराल तर, रविवारी सकाळी मी पर्वती चढून येते. नाश्ता तो आणि मुलं बघतात. सुरुवातीला मी जाण्याआधी पोहे भिजवून, कांदा चिरून ठेवायची. आता तेही ठेवत नाही.

शेंगदाणालाडू
कांदा न चिरता गेलात, जिंकलात! 😄

उनाडवारा
सह्याद्रीवेडा, पोहे जमतात का आता?

सह्याद्रीवेडा
(मूळ आयडीधारक) जमतात. मुलगा म्हणतो आईपेक्षा चांगले, कारण मी शेंगदाणे जास्त घालतो. ‘मी माझ्या मतावर आहे’ असं लिहिलं होतं, तो ठामपणा काल फायलींसमोर राहिला नाही. वाटणी असावी, पण विचारून असावी.

निशिगंध_नाशिक
सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय, मध्ये उत्तर द्यायला जमलं नाही कारण खरंच कामाला लागले होते.

आधी आधार केंद्र, मग बँक. शाखेतल्या बाईंनी विचारलं, ‘नंबर का बदलताय, आधीचा बंद झालाय का?’ मी म्हणाले, नाही, तो चालू आहे, पण तो माझा नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, फॉर्म पुढे सरकवला आणि शिक्का मारला.

घरी सांगितलं तेव्हा हे दुखावले. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न येणार हे माहीत होतं, तरी तो ऐकताना पोटात खड्डा पडला. मी म्हणाले, तुमच्या पगाराचा मेसेज माझ्या फोनवर येत नाही, म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही असं मी कधी समजले नाही. दोन दिवस बोलणं जेवढ्यास तेवढं. मग स्वतःच म्हणाले, ‘मग विवरणपत्र पण तूच भर.’ रागाने म्हणाले होते, मी मनापासून घेतलं. शाळेतल्या क्लार्ककाकांकडून फॉर्म १६ घेतला, पोर्टलवर स्वतः लॉगिन केलं. पासवर्ड बदलला. वार्षिक माहिती पत्रक उघडलं, तर त्यात एका बँकेचं थोडंसं व्याज दिसलं, जिच्यात माझं खातं आहे हे मी विसरून गेले होते. कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी मालेगावला उघडलेलं. लग्नाआधीचं आडनाव, माहेरचा पत्ता. हे शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘हे तर मलाही माहीत नव्हतं.’ मग दोघंही हसलो.

मावशींच्या मुलीची फी भरली. तिने बी.एस्सी.ला प्रवेश घेतलाय.

पासबुककाका, त्या जुन्या खात्याचं काय करू? कार्ड नाही, पासबुक नाही, सहीही तेव्हा वेगळी होती.

पासबुक
अभिनंदन. ‘तो चालू आहे पण माझा नाही’, हे उत्तर फार आवडलं.

घाबरू नका. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. बचत खात्यावर व्याज तरीही मिळत राहतं, म्हणूनच ते तुमच्या पत्रकात दिसलं. निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून बँकेला दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायलाही शुल्क घेता येत नाही. हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आधार, पॅन, लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आणि फोटो घेऊन जा. सही बदलली असेल तर नवीन नमुना सही देता येते. मधल्या काळात बरीच विलीनीकरणं झाली, तेव्हा ती शाखा आता कोणत्या बँकेची आहे ते आधी फोन करून विचारा, हेलपाटा वाचेल. आणि नव्या अर्जावर नंबर स्वतःचा टाका!

बाकीच्यांसाठी: दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तरी खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही, मूळ बँकेकडे अर्ज करून पैसे परत मिळतात. अशा ठेवी शोधायला २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आहे. नाव, बँक आणि पॅन किंवा जन्मतारखेसारखा एखादा तपशील टाकून बघता येतं. नावाचं स्पेलिंग जुन्या पद्धतीने पण टाकून बघा.

भीमाकाठ
दादा, मालकांच्या नावाने पण शोधता येतं का त्यावर? त्यांचं पंढरपूरला एक खातं होतं असं एकदा बोलले होते.

पासबुक
येतं ताई. सापडलं तर मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं लागतील. रक्कम लहान असेल तर बँका सोपी पद्धत ठेवतात. अडलं तर इथेच लिहा.

तूरडाळ
आज्याच्या नावानं पाहून राहिलो. तीन स्पेलिंगं झाले, चौथं टाकतो.